क्लॅडिंग म्हणजे कोणतं क्लॅडिंग?

पालघर जिल्ह्यातल्या तारापूरसारख्या अणुवीज केंद्रात "क्लॅडिंग बघून घ्या" असं कुणी म्हणालं, तर आधी बोलणाऱ्याचं खातं कोणतं ते विचारावं लागेल. इंधनवाला असेल तर युरेनियमच्या गोळ्या ज्या नळीत भरतात ती नळी त्याच्या मनात असते. अणुभट्टीच्या पोलादी पात्राची तपासणी करणारा असेल, तर पात्राच्या आतल्या अंगाला वेल्डिंगने चढवलेला स्टेनलेस स्टीलचा थर. इन्सुलेशनचा ठेकेदार असेल, तर वाफेच्या पाइपावर ग्लासवूल गुंडाळून वरून बसवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा. केबल जोडणारा असेल, तर केसाएवढ्या काचेच्या धाग्याचा बाहेरचा भाग. आणि फाटकाबाहेर पडून बोईसरच्या बाजारात गेलात, तर दुकानाच्या दर्शनी भागावर चकचकीत एसीपी (ॲल्युमिनियमच्या दोन पत्र्यांमध्ये गाभा भरलेली) शीट ठोकणारा कारागीरसुद्धा क्लॅडिंगच करत असतो.

बातमीत हा शब्द आला की मराठीत सरसकट "आवरण" छापलं जातं. चूक नाही, पण आवरण म्हटलं की आपण संरक्षण गृहीत धरतो: आत काहीतरी मौल्यवान, बाहेर त्याला जपणारं. वरच्या पाचांपैकी निदान दोन ठिकाणी हे गृहीतक साफ कोसळतं. म्हणून क्लॅडिंग दिसलं की मी आधी हे पाहतो की तो थर कुणाला अडवतोय, म्हणजे बाहेरच्याला आत येण्यापासून की आतल्याला बाहेर जाण्यापासून. मग पाहतो की भार कोण घेतंय. बाकीचं बरंचसं त्यातून उलगडत जातं.

रंग, पावडर कोटिंग, तांब्याच्या पातेल्याची कल्हई यांना सहसा क्लॅडिंग म्हणत नाहीत. तिथे थर वस्तूच्या अंगावरच तयार होतो आणि त्याला स्वतःचं शरीर असं नसतं. क्लॅडिंगला असतं. पत्रा, नळी, फरशी, काच किंवा वेल्डिंगचा चांगला काही मिलिमीटर जाड थर, असं काहीतरी जे एकटं हातात धरता येईल. ही रेघ काही लोखंडी नाही. लेसरने धातूची भुकटी वितळवून झिजलेल्या शाफ्टवर थर चढवतात, त्यालाही लेसर क्लॅडिंगच म्हणतात. पण नव्वद टक्के वेळा ही खूण कामाला येते.

सुरुवात फायबरपासून करू, कारण आवरणाच्या कल्पनेने सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते.

घरात येणाऱ्या इंटरनेटच्या केबलमधला काचेचा धागा १२५ मायक्रॉन जाड असतो, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. त्याच्या बरोबर मध्यभागी आठ-नऊ मायक्रॉनचा गाभा. गाभाही काच आणि बाहेरचं क्लॅडिंगही काचच. डोळ्यांना काय, साध्या भिंगालाही फरक दिसणार नाही. गाभ्याच्या काचेत थोडं जर्मेनियम मिसळलेलं असतं, त्यामुळे तिचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश तिच्यात किती मंदावतो त्याचं माप, क्लॅडिंगपेक्षा किंचित जास्त होतो. हे "किंचित" म्हणजे साधारण एक टक्क्याचा तिसरा हिस्सा. तेवढ्या फरकावर सगळा खेळ चालतो. गाभ्यातून जवळपास सरळ निघालेला प्रकाश त्या सीमेवर अगदी तिरका आदळतो आणि पूर्णच्या पूर्ण परत आत फिरतो. दहावीच्या विज्ञानात शिकलेलं पूर्ण आंतरिक परावर्तन ते हेच. म्हणजे इथे क्लॅडिंग हा प्रकाशावर पांघरलेला थर नाही, तो आरशाचा अर्धा भाग आहे. एकट्या गाभ्याला आरसा होता येत नाही.

पण हवेचा अपवर्तनांक तर काचेपेक्षा कितीतरी कमी. मग नुसता उघडा काचेचा धागा हवेत का नाही चालत? तत्त्वतः चालतो, आणि १९५०च्या सुमाराला संशोधक तसेच धागे वापरत होते. अडचण अशी की परावर्तन काचेच्या अगदी बाहेरच्या पृष्ठभागावर होतं. तिथे बोटाचा तेलकट ठसा लागला, ओरखडा पडला किंवा शेजारचा धागा टेकला, की त्या जागी प्रकाश गळतो. पोटाच्या आत डोकावणारी दुर्बीण करायची तर हजारो धागे एकमेकांना चिकटून ठेवावे लागतात, आणि टेकले की एकातलं चित्र दुसऱ्यात मिसळतं.

जानेवारी १९५४ मध्ये 'नेचर'च्या एकाच अंकात या विषयावर दोन टिपणं आली. एक लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधल्या हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि नरिंदर सिंग कपानी यांचं. पंजाबात जन्मलेल्या कपानींचं नाव आपल्याकडे फायबर ऑप्टिक्सशी कायमचं जोडलं गेलं ते याच कामामुळे. त्यांनी उघड्या धाग्यांच्या जुडग्यातून चित्र नेऊन दाखवलं. दुसरं टिपण नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या अब्राहम व्हान हील यांचं, लहानसंच. प्रत्येक धाग्याला कमी अपवर्तनांकाच्या पदार्थाचा थर द्या, असं त्यांचं म्हणणं. ही सूचना त्यांना अमेरिकी शास्त्रज्ञ ब्रायन ओब्रायन यांच्याकडून मिळाली होती. परावर्तनाची जागा बाहेरच्या, कुणाचंही बोट लागू शकेल अशा पृष्ठभागावरून आत सरकवायची, एवढीच ती युक्ती. क्लॅडिंगच्या बाहेरच्या अंगाला आता ठसा लागो नाहीतर शेजारी टेको, प्रकाश तिथपर्यंत जवळपास पोचतच नाही.

व्हान हील यांचा थर प्लॅस्टिकचा होता, त्यात प्रकाश फार वाया जायचा. १९५६च्या डिसेंबरात मिशिगन विद्यापीठातल्या लॅरी कर्टिस या विद्यार्थ्याने काचेची दांडी दुसऱ्या जातीच्या काचेच्या नळीत घातली, दोन्ही एकत्र तापवली आणि ओढून धागा काढला. काचेवर काचेचं क्लॅडिंग. पुढच्याच वर्षी बेझिल हर्शोविट्झ यांनी अशा धाग्यांची गॅस्ट्रोस्कोप, म्हणजे पोट तपासायची दुर्बीण, वापरायला घेतली. लांब पल्ल्याच्या दळणवळणाला मात्र अजून काचेची शुद्धता आड येत होती. दोष काचेचा नसून तिच्यातल्या भेसळीचा आहे, हे १९६६ मध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी दाखवून दिलं, आणि काओंना त्यासाठी २००९ मध्ये नोबेल मिळालं. आजच्या काचेत प्रकाश निम्मा व्हायला जवळपास पंधरा किलोमीटर लागतात.

रस्त्याकडेला छत्री लावून बसलेल्या जॉइंटरचं काम थोडा वेळ थांबून बघा. केबलचं काळं जॅकेट तो सोलतो, आतली रंगीत नळी कापतो, मग चिमट्यासारख्या स्ट्रिपरने धाग्यावरचा प्लॅस्टिकचा थर ओढून काढतो. हा थर म्हणजे कोटिंग, त्यासकट धागा २५० मायक्रॉनचा असतो. खरं संरक्षण हेच करतं. ते गेल्यावर उरतो १२५ मायक्रॉनचा नागडा धागा, आणि इथे त्याचं सोलणं थांबतं. क्लॅडिंग कुणी काढत नाही, ते काढायची वस्तूच नाही. अल्कोहोलने पुसताना स्वच्छ धागा बारीकसा किरकिरतो. क्लीव्हरने काटकोनात तोडून दोन टोकं स्प्लायसरमध्ये समोरासमोर ठेवली, की पडद्यावर दोन जाड दांडे दिसतात. ती जाडी क्लॅडिंगची. गाभा त्यांच्या मध्ये एक पुसट रेघ. विजेची ठिणगी पडते आणि दोन्ही काचा एक होतात. कनेक्टरमध्येही धागा बसतो तो क्लॅडिंगच्या बाहेरच्या व्यासाच्या आधारानेच. म्हणून १२५ मायक्रॉनमध्ये मायक्रॉनभर फरकही कारखान्यात चालवून घेत नाहीत.

आणखी एक गंमत. प्रकाश गाभ्यातच कोंडलेला असतो असं आपण सांगतो, ते पूर्ण खरं नाही. १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशाचा झोत धाग्यात साधारण दहा मायक्रॉन रुंद पसरतो, म्हणजे गाभ्याहून मोठा. प्रकाशाचा बराच भाग क्लॅडिंगमधूनच प्रवास करत असतो. राउटरमागे पिवळी वायर घट्ट मुडपून खिळ्याला अडकवली की सिग्नल पडतो तो यामुळे. वळणावर बाहेरच्या बाजूचा हा पसारा मागे राहतो आणि निसटतो.

आता इंधनाची नळी. इथे आवरणाचा अर्थ उलटा होतो. बाहेरच्या पाण्यापासून युरेनियम जपायचं असतं हे खरं, पण मोठं काम आतलं बाहेर येऊ न देण्याचं.

युरेनियम ऑक्साइडच्या भाजलेल्या गोळ्या झिरकॅलॉय नावाच्या, मुख्यतः झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळीत एकापुढे एक भरतात आणि दोन्ही टोकं बंद करतात. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९च्या, उकळत्या पाण्याच्या जातीच्या. तिथे या नळ्या लांबलचक असतात. तिसऱ्या-चौथ्या भट्टीत जड पाणी (हायड्रोजनच्या जड प्रकाराचं पाणी) वापरतात, तिथे जेमतेम अर्ध्या मीटरच्या सदतीस नळ्यांची एक जुडी असते, आणि नळीची जाडी सुमारे ०.४ मिलिमीटर. इतकी पातळ की चालू भट्टीत बाहेरच्या पाण्याचा दाब तिला आतल्या गोळ्यांवर चेपून बसवतो. हे मुद्दाम केलेलं आहे, फट मिटली की उष्णता सहज बाहेर जाते. भार इथे गोळ्या पेलतात, नळी फक्त अंगाला चिकटून असते. जड पाण्याच्या भट्ट्यांवाले म्हणूनच की काय, तिला बऱ्याचदा शीथ म्हणतात.

झिर्कोनियमच का? पोलाद स्वस्त आणि मजबूत, पण युरेनियमचे अणू फोडत राहणारे न्यूट्रॉन ते खातं. जड पाण्याच्या भट्टीत नैसर्गिक युरेनियम जळतं, तिथे न्यूट्रॉनची आधीच चणचण. झिर्कोनियम त्यांना जवळपास बिनबोभाट जाऊ देतं. फक्त खनिजात त्याच्याबरोबर हॅफ्नियम येतं, रसायनाच्या नजरेने जुळा भाऊच, आणि ते न्यूट्रॉन झिर्कोनियमच्या शेकडो पट गिळतं. केरळ-तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या वाळूतून झिरकॉन वेगळा करण्यापासून हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये नळी ओढण्यापर्यंतच्या कामात या जुळ्यांची ताटातूट करणं हा मोठा कष्टाचा टप्पा असतो. गाळून काढलेलं हॅफ्नियम वाया जात नाही. काही भट्ट्यांत नियंत्रक दांड्यांसाठी तेच वापरतात, कारण तिथे न्यूट्रॉन खाणाराच हवा असतो.

नळीला बारीक भोक पडलं तर विखंडनातून निघालेले वायू आणि आयोडीन पाण्यात उतरतात, आणि ते उपकरणांना लगेच कळतं. जड पाण्याच्या भट्टीत भट्टी चालू ठेवूनच ती जुडी बाहेर काढता येते. उकळत्या पाण्याच्या भट्टीत बंद होईपर्यंत वाट बघावी लागते.

याच धातूचा एक दुर्गुण मात्र भारी पडला. तापमान १२०० अंशांच्या आसपास गेलं की झिर्कोनियम वाफेतला ऑक्सिजन झपाट्याने ओढून घेतं. त्यातून उष्णता निघते, म्हणून क्रिया आणखी वेग घेते, आणि मागे उरतो हायड्रोजन. मार्च २०११ मध्ये फुकुशिमात थंडावा बंद पडल्यावर भट्ट्यांच्या इमारतींची छपरं उडाली ती हायड्रोजनच्या स्फोटाने. चौथ्या भट्टीत तर त्या वेळी इंधनच भरलेलं नव्हतं. तिच्या इमारतीत तिसऱ्या भट्टीचा हायड्रोजन सामायिक वायुमार्गातून शिरला होता. तेव्हापासून झिरकॅलॉयच्या नळीवर क्रोमियमचा पातळ लेप देण्याचे प्रयोग चालू आहेत. म्हणजे क्लॅडिंगवर कोटिंग. हे दोन शब्द एकच नव्हेत, याचा याहून चांगला पुरावा नको.

अणुकेंद्रातलं दुसरं क्लॅडिंग पात्राच्या आत असतं. भट्टीचं पात्र बऱ्याचदा वीस सेंटिमीटरच्या आसपास जाड पोलादाचं असतं. हे पोलाद दाब पेलतं पण गंजतं, म्हणून आतून काही मिलिमीटर स्टेनलेस स्टीलचं वेल्डिंग चढवतात. कामाची वाटणी अगदी स्पष्ट: ताकद पोलादाची, गंज रोखणं स्टेनलेसचं. आराखड्यात क्लॅडिंगच्या ताकदीवर कुणी भिस्त ठेवत नाही.

२००२च्या सुरुवातीला अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेव्हिस-बेसी केंद्रात ही वाटणी उलटी झाली. पात्राच्या झाकणात बसवलेल्या एका नळीला तडा जाऊन बोरिक आम्ल असलेलं पाणी झाकणाच्या वर झिरपत होतं. स्टेनलेस होतं आतल्या बाजूला, आणि आम्ल आलं बाहेरून, उघड्या पोलादावर. सोळा-सतरा सेंटिमीटर जाडीचं पोलाद खात खात ते तळाच्या क्लॅडिंगपर्यंत पोचलं. नारळ मावेल एवढा खड्डा पडला होता. आत वातावरणाच्या दीडशे पट दाब, आणि त्याला अडवून धरलं होतं जेमतेम सेंटिमीटरभर स्टेनलेसने. तो पत्रा वर फुगलेला आढळला. फुटला नाही, हे नशीब म्हणायचं की त्या वेल्डरचं पुण्य, कोण जाणे. पण या प्रसंगाने अभियंत्यांना एक जुनी गोष्ट नव्याने दिसली: क्लॅडिंगला दिशा असते. ज्या बाजूने शत्रू येईल असं धरलं, त्याच बाजूला ते उपयोगी.

एमआयडीसीत काम केलेल्यांना हे वेगळ्या वाटेने माहीत असतं. गरम पाइपावर काचेची लोकर (ग्लासवूल), लोकरीवर अर्धा-पाऊण मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा, स्क्रू मारून बसवलेला. इथे क्लॅडिंगचं काम एकच, पाऊस आत येऊ न देणं. पत्र्यांचा ओव्हरलॅप पाणी खाली वाहून जाईल असा ठेवायचा आणि सांधा पाइपाच्या माथ्यावर येऊ द्यायचा नाही, हे कोणताही अनुभवी फिटर सांगेल. तरी व्हॉल्व्हपाशी कापलेलं भोक उघडं राहतं, कुणीतरी पाइपावर उभं राहून पत्रा दाबतं, आणि पहिल्या पावसात लोकर भिजते. नंतर तोच पत्रा ओल कोंडून ठेवतो. साधारण ५० ते १७५ अंशांच्या पट्ट्यात चालणारे पोलादी पाइप अशा वेळी आतल्या आत कुजतात. बाहेरून सगळं चकचकीत, आणि पत्रा उघडला की पापुद्रे. फुटक्या क्लॅडिंगपेक्षा अजिबात नसलेलं परवडतं, असं काही जुने देखभालवाले म्हणतात. मला ते थोडं टोकाचं वाटतं, पण ते का म्हणतात ते कळतं.

धातूवर धातूच्या क्लॅडिंगमध्ये आणखी एक भानगड असते, दोघांचं आपसात पटतं की नाही. विमानाचा पत्रा ड्युरॅल्युमिनचा, तांबं मिसळल्यामुळे भक्कम पण गंजाला कच्चा. १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्याच्या दोन्ही अंगांना शुद्ध ॲल्युमिनियम लाटून बसवायला सुरुवात झाली, जाडीच्या पाचेक टक्क्यांपर्यंत. हा थर नुसता झाकत नाही. ओरखडा पडून आतला धातू उघडा पडला, तर शेजारचं शुद्ध ॲल्युमिनियम आधी स्वतः झिजतं आणि त्याला वाचवतं. म्हणून विमानाच्या पत्र्यावर खुणा करायला शिसपेन्सिल वापरू देत नाहीत. ग्राफाइट आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकत्र आले की रेघेबरोबर गंज सुरू होतो.

न्यूयॉर्कच्या १८८६ सालच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यात हेच नातं उलट्या दिशेने बिघडलं. अडीच मिलिमीटरहून पातळ तांब्याचे पत्रे, आत आयफेलचा लोखंडी सांगाडा. तांबं आणि लोखंड ओलाव्यात भिडले की लोखंड मरतं, हे तेव्हाही माहीत होतं, म्हणून मध्ये लाखेत भिजवलेलं ॲस्बेस्टॉस घातलं होतं. ते शंभर वर्षांत झिजलं, लोखंड फुगलं आणि तांब्याच्या रिव्हेट उपटल्या. १९८६ पर्यंत सांगाड्याच्या लोखंडी पट्ट्या काढून स्टेनलेसच्या बसवल्या आणि मध्ये टेफ्लॉन घातलं. धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरच्या राम सुतारांनी घडवलेल्या १८२ मीटरच्या स्टॅच्यू ऑफ युनिटीचं दर्शनी अंगही असंच ब्राँझच्या क्लॅडिंगचं, आत काँक्रीट आणि पोलाद.

आता इमारती, कारण सोसायटीच्या सभेत हा शब्द येतो तो इथूनच.

दगडाचं क्लॅडिंग आधी. शिकागोतल्या एका तेल कंपनीच्या गगनचुंबी इमारतीला १९७०च्या दशकात इटलीतल्या काराराचा शुभ्र संगमरवर लावला होता, सुमारे त्रेचाळीस हजार फरश्या. जाडी तीन-चार सेंटिमीटर. ऊनथंडीच्या चक्रात त्या बाहेरच्या बाजूला वाकल्या. संगमरवराच्या कणांचं प्रसरण वेगवेगळ्या दिशांना वेगवेगळं होतं आणि ते पूर्ववत होत नाहीत. १९९०-९२ मध्ये सगळा दगड उतरवून ग्रॅनाइट लावावा लागला. जाड भिंतीत शतकानुशतकं टिकणारा दगड पातळ चिरून टांगला की वेगळाच पदार्थ होतो.

टांगणं हाच इमारतीच्या क्लॅडिंगचा प्राण आहे. आधुनिक क्लॅडिंग भिंतीला चिकटलेलं नसतं. भिंतीवर चौकटी, चौकटींवर पॅनेल, आणि मध्ये मुद्दाम ठेवलेली फट. पॅनेलच्या सांध्यातून आत आलेलं पाणी फटीतून खाली निथळावं आणि भिंत वाळावी, यासाठी. पावसाच्या दृष्टीने ही व्यवस्था चोख. आगीच्या दृष्टीने तीच फट उभी चिमणी होते.

लंडनचा ग्रेनफेल टॉवर १९७४ मधला, चोवीस मजली, काँक्रीटचा. २०१६ मध्ये नूतनीकरण पूर्ण झालं तेव्हा त्याच्यावर बाहेरून फोमचं इन्सुलेशन, मग फट आणि मग ॲल्युमिनियमची मिश्र पॅनेल बसली होती. मूळ आराखड्यात जस्ताची पॅनेल होती, खर्च कमी करायला ती बदलली. १४ जून २०१७च्या मध्यरात्रीनंतर चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात फ्रीजला आग लागली. ती खिडकीतून क्लॅडिंगमध्ये शिरली आणि जवळपास अर्ध्या तासात छतापर्यंत पोचली. ७२ माणसं गेली. रहिवाशांना घरातच थांबायला सांगण्याचा जुना नियम काँक्रीटच्या इमारतीसाठी बरोबर होता, कारण काँक्रीट आग एका घरात कोंडून ठेवतं. क्लॅडिंगने तो हिशोबच मोडला. भिंत तीच राहिली आणि इमारत मात्र बदलून गेली होती.

त्या पॅनेलमध्ये काय होतं? अर्धा मिलिमीटरचे दोन ॲल्युमिनियमचे पत्रे आणि मध्ये तीन मिलिमीटर पॉलिथिन. बाहेरून धातू, आतून दुधाच्या पिशवीचं प्लॅस्टिक. चौरस मीटरला पावणेतीन किलोच्या आसपास, आणि किलोमागे जळताना जवळपास डिझेलएवढीच उष्णता. पत्रा तापून सोलवटला की ते वितळून जळत खाली गळतं, त्यामुळे आग वरही जाते आणि खालीही. २०१४ मध्ये मेलबर्नच्या लॅक्रोस इमारतीत बाल्कनीतल्या सिगारेटपासून पेटलेली आग अशाच क्लॅडिंगवरून चढली होती. म्हणजे ग्रेनफेलच्या आधी इशारे मिळाले नव्हते, असं म्हणायला जागा नाही.

आपल्याकडे एसीपी म्हणतात ते हेच कुटुंब. दुकानाच्या पाटीपासून इस्पितळाच्या दर्शनी भागापर्यंत तेच. त्यात पॉलिथिनचा गाभा असलेलं असतं, आणि खनिजभुकटी भरलेला, सहज न पेटणारा गाभा असलेलंही. समोरून दोन्ही अगदी सारखी दिसतात. रंग, चमक, ब्रोशर, सगळं सारखं. फरक कापलेल्या कडेला, आणि तिथेही गाभ्याच्या रंगावर विसंबू नये.

वजन मात्र बऱ्यापैकी खरं बोलतं. चार मिलिमीटरचं पॅनेल, दोन्ही पत्रे अर्ध्या मिलिमीटरचे, असं असेल तर एक फूट बाय एक फुटाचा तुकडा पॉलिथिनचा असल्यास साधारण पाचशे ग्रॅम भरतो. खनिज भरलेला असल्यास सातशेच्या आसपास. पण बाजारात पाव मिलिमीटर पत्र्याचं तीन मिलिमीटरचं पॅनेलही सर्रास विकलं जातं. ते साधं असेल तर साडेतीनशेच्या आत-बाहेर, आणि खनिज गाभ्याचं असेल तर पुन्हा पाचशेवर. तेव्हा काट्यावर ठेवण्याआधी पत्र्याची जाडी मोजा, नाहीतर उत्तर उलटं निघेल. सोसायटीने कोटेशन मागवताना नमुन्याचा तुकडा मागायला काहीच हरकत नाही, देणारे देतात. शिवाय चाचणीचं प्रमाणपत्र नुसत्या पॅनेलचं आहे की चौकट, मागचं इन्सुलेशन आणि फटीतले आगरोधक अडसर धरून पूर्ण भिंतीचं, ते लेखी विचारा.